ऐकायच्या आधीच: मेटॅलिकाच्या जुन्या चाहत्यांना खुले पत्र

मित्रांनो,

(आणि मैत्रिणींनो. आपल्या कंपूत त्या मोजून तीन होत्या, आणि त्या तीनच का राहिल्या याचं उत्तर बरंचसं आपल्याकडेच आहे. पण ते वेगळ्या पत्रात.)

परवा डेक्कनला बऱ्याच महिन्यांनी आपण सहाजण चहाला जमलो. पोरांच्या शाळा, कुणाची शुगर, कुणाची बायपास वगैरे उरकल्यावर गाडी नेहमीच्या रुळावर आली. कुणीतरी सांगितलं की मेटॅलिका या आपल्या लाडक्या अमेरिकन मेटल बँडचा गिटारवाला कर्क हॅमेट मुलाखतीत म्हणालाय, पुढच्या अल्बमसाठी त्याच्याकडे सातशेहून जास्त रिफ, म्हणजे गिटारचे छोटे तुकडे, साठल्यात. दुसरा चहा यायच्या आत आपण त्या अल्बमचे दिवस घातले. "म्हणजे सातशे वेळा वाह पेडल." "ड्रमवर लार्सला आता डबल बास झेपतच नाही." "परत सत्त्याहत्तर मिनिटं असणार, त्यातली चाळीस कापायची." "थांबावं आता त्यांनी, लाज राखून." सगळे हसले. शेवटचं वाक्य माझं होतं, हे आधीच कबूल करतो.

घरी जाताना नळ स्टॉपच्या सिग्नलला उभा होतो तेव्हा डोक्यात हिशेब आला. सातशेवर रिफ. त्यातली आपण ऐकलेली एकही नाही. आणि निकाल लावून, चहाचे पैसे देऊन आपण मोकळे.

या पत्रात मी 'सकारात्मक राहा' असलं काही सांगणार नाही. मेटॅलिकाला शिव्या घालणं हा मेटॅलिकाच्या चाहत्याचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि तो हक्क बँडएवढाच जुना आहे. १९८४ साली 'राइड द लाइटनिंग'मध्ये 'फेड टू ब्लॅक' आलं तेव्हा त्यात साधी, विजेशिवायची गिटार ऐकू आल्याबरोबर 'विकले गेले' अशी ओरड झाली होती. दुसराच अल्बम! बँड स्थापन होऊन तीन वर्षं झालेली! आणि आज आपल्यातल्या निम्म्या लोकांनी गिटार हातात धरली ती त्याच गाण्याची सुरुवात वाजवायला. १९८९ मध्ये 'वन'चा व्हिडिओ आला तेव्हा, व्हिडिओ कधीच काढणार नाही म्हणणारे हे लोक टीव्हीवर आले कसे, म्हणून परत तेच. १९९१ चा काळा अल्बम तर विचारूच नका. तो दीड कोटीच्या वर एकट्या अमेरिकेत विकला गेला, आणि तो विकत घेणाऱ्यांतलेच कित्येक 'निर्माता बॉब रॉकने वाट लावली' म्हणत फिरत होते.

तर शिव्या द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या शिव्यांमध्ये दोन जाती आहेत. एक कानातून येते, दुसरी कान लावायच्या आधीच तयार असते. पहिलीचा मला अभिमान आहे. दुसरीबद्दल हे पत्र.

पहिलीचं उदाहरण आधी, कारण ते आपल्या बाजूचं आहे. सप्टेंबर २००८, 'डेथ मॅग्नेटिक'. पाच वर्षांनी अल्बम, रिक रुबिन निर्माता, गाणी लांब, सोलो परत आलेले. आपण सगळे खूश. आणि तरी दोन गाण्यांनंतर कान दुखायला लागायचे. का, ते कळत नव्हतं. मग जगभरच्या चाहत्यांनी ते शोधून काढलं. हाच अल्बम 'गिटार हीरो' या खेळासाठीही उपलब्ध झाला होता, आणि खेळातली गाणी सीडीपेक्षा मोकळी, श्वास घेणारी वाजत होती. लोकांनी दोन्हींच्या ध्वनिलहरी संगणकावर शेजारी शेजारी ठेवल्या. खेळातल्या आवृत्तीत चढउतार होते, डोंगर-दऱ्या होत्या. सीडीवर मात्र आवाज वाढवता वाढवता लाटांची डोकी छाटली गेली होती आणि उरली होती एक सपाट वीट. ड्रमचा घाव आणि गिटारचा घाव यांत फरकच उरला नव्हता. नव्याने मिक्स करा म्हणून दहा हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे ध्वनीवरून शेवटचा हात, करणाऱ्या टेड जेन्सननेसुद्धा एका चाहत्याला कळवलं की ध्वनिफिती त्याच्या हातात आल्या तेव्हाच त्या चिरडलेल्या होत्या.

ही खरी तक्रार. ऐकून केलेली, पुराव्यासकट, नेमकं कुठे दुखतंय त्यावर बोट ठेवून. त्या वादानंतर 'आवाजाची लढाई' हा विषय आपल्यासारख्या बिगर-तंत्रज्ञांनाही समजला. गंमत म्हणजे 'डेथ मॅग्नेटिक' मिक्स करणारा ग्रेग फिडलमन पुढे मेटॅलिकाचा निर्माता झाला, आणि २०१६ चा 'हार्डवायर्ड' ऐकताना कान दुखत नाहीत. आपल्या बोंबलण्याने ते झालं असा दावा मी करत नाही. पण बोंबललो ते बरोबर होतं.

'सेंट अँगर'चंही तसंच. स्नेअर ड्रमच्या तारा सैल सोडल्यामुळे २००३ सालचा तो अख्खा अल्बम कुणीतरी रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर लाटणं आपटतंय असा वाजतो. पंचाहत्तर मिनिटं. एकही गिटार सोलो नाही. मी तो सलग दोनदा ऐकला आणि मगच त्याला डबा म्हटलं. आजही म्हणतो. ती माझी शिवी मी घाम गाळून कमावलीये.

आता दुसरी जात.

जून १९९६. माझी बारावी झालेली, निकालाची वाट. केस खांद्यापर्यंत. घरात रोज सकाळी त्या केसांवरून एकतर्फी परिसंवाद. त्यात 'लोड' आला. मुंबईला काळ्या घोड्याजवळ ऱ्हिदम हाउसमधून मित्राने कॅसेट आणली, आणि ती टेपमध्ये घालायच्या आधी आम्ही आतला कागद उघडला. चौघांनीही केस कापलेले! डोळ्यांत काजळ! अंगात तंग झुळझुळीत सदरे! कॅसेट अजून फिरलीसुद्धा नव्हती आणि आमच्या खोलीत सुतक. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, तिने तो कागद हातात घेतला, चष्मा वर करून बघितला आणि म्हणाली, "बघ, ह्यांनीसुद्धा कापले. किती शहाणी दिसतात पोरं."

त्या वाक्याने 'लोड'चा माझ्यापुरता शेवट झाला. मी तो अल्बम पुढची कित्येक वर्षं नीट ऐकलाच नाही. वर वर ऐकला, नावं ठेवायला लागेल तितका. त्यात 'अन्टिल इट स्लीप्स' नावाचं गाणं होतं. ते कर्करोगावरचं आहे हे मला तिशीत कळलं. बँडचा गायक जेम्स हेटफील्डची आई तो सोळा वर्षांचा असताना कर्करोगाने गेली. घरच्या धर्मपंथाला औषधोपचार मान्य नव्हते. त्याच अल्बममध्ये 'मामा सेड' आहे, ते तर सरळ आईशीच बोलणं आहे. आणि 'लोड' आला त्याच वर्षी त्याचे वडीलही त्याच रोगाने गेले. म्हणजे एक माणूस तिथे आपल्या आईबद्दल गात होता, आणि आपण त्याच्या केसांबद्दल बोलत होतो. शेवटचं 'दि आउटलॉ टॉर्न' ऐका कधीतरी, रात्री. सीडीवर मावावं म्हणून त्याच्या शेपटाचा एक मिनिट छाटावा लागला होता, इतका तो अल्बम काठोकाठ भरलेला. (हा अल्बम लांब आहे, ही तक्रार मात्र मला मान्य. चौदा गाण्यांतली चार मीच काढून देतो. हवी तर यादी पाठवतो.)

पण 'लोड'ला आपण निदान नंतर माफ केलं. 'लुलू' या अल्बमचं काय?

हे सांगायला मला थोडं जड जातंय, कारण यात तुमच्यापैकी चौघे माझ्यासोबत होते.

ऑक्टोबर २०११. मेटॅलिका पहिल्यांदा भारतात. आधी २८ तारखेला गुडगावला कार्यक्रम व्हायचा होता. तो रद्द झाला, आणि चिडलेल्या गर्दीने स्टेजची मोडतोड केली, ते आपण टीव्हीवर बघितलं. बंगळुरूचाही रद्द होतो की काय या धास्तीत आपण पुण्याहून रात्रीची बस धरली. साताऱ्याला थांबलो, कोल्हापूरला थांबलो, हुबळीच्या आसपास कुणाला तरी ओकारी झाली. ३० तारखेला पॅलेस ग्राउंड्सवर चिखलात, घामात, अनोळखी माणसांच्या खांद्यावर हात टाकून आपण घसा बसेपर्यंत ओरडलो. ज्यांची गाणी वीस वर्षं भरून घेतलेल्या कॅसेटवर ऐकली ते चौघे समोर. एक मित्र रडला. नाव लिहीत नाही, पण तो आता सोसायटीचा चेअरमन आहे.

आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी रांगेत आपण काय बोलत होतो, आठवतंय? दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, 'लुलू' बाजारात येणार होता. लू रीड या न्यूयॉर्कच्या जुन्या रॉक गायकाबरोबर केलेला. त्यातलं 'द व्ह्यू' हे एकच गाणं महिनाभर आधी बाहेर आलं होतं, तेही आपल्यातल्या फार तर दोघांनी पुरं ऐकलेलं. त्यात हेटफील्ड 'मी टेबल आहे' अशा अर्थाची ओळ ओरडतो. बस. एवढं पुरलं. रांगेत दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडायचं, "अरे, टेबल आलं का?" आणि पन्नास माणसं खिदळायची. आपल्यातल्या ज्या मित्राला आपण आजतागायत 'टेबल' म्हणतो, त्याचं बारसं त्याच रांगेत झालं.

उद्या येणाऱ्या अल्बमची थट्टा करत आपण त्याच बँडला बघायला आठशेच्या वर किलोमीटर आलो होतो. तेव्हा यात काही विचित्र आहे असं एकालाही वाटलं नाही.

लू रीड तेव्हा ६९ वर्षांचा होता. २००९ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमात तो आणि मेटॅलिका एकत्र वाजले, आणि तिथून ही कल्पना निघाली. फ्रांक वेडेकिंड या जर्मन नाटककाराच्या लुलू नावाच्या बाईवरच्या नाटकांवरून दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन बर्लिनमध्ये नाटक बसवत होता, त्यासाठी रीडने हे शब्द लिहिलेले. म्हणजे हा काही थ्रॅशचा, त्या वेगवान मेटलचा, अल्बम नव्हताच. रंगभूमीसाठी लिहिलेल्या, घाणेरड्या, दुखऱ्या कवितांच्या मागे मेटॅलिका वाजवत होती. आपण मराठी माणसं नाटकवेडी म्हणवतो. 'हे नाटकासाठी लिहिलंय' एवढं कुणी सांगितलं असतं, तर कदाचित आपण वेगळ्या कानाने बसलो असतो. पण सांगायला कुणी कशाला यायचं, आपण विचारलंच नव्हतं.

'डेथ मॅग्नेटिक' अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत पाच लाखांच्या जवळ विकला गेला होता. 'लुलू' पहिल्या आठवड्यात १३ हजार. त्यातले किती कमी आपल्यासारख्यांच्या थट्टेपायी, हे कुणी मोजलेलं नाही, आणि अल्बम अवघड आहे हेही खरंच.

२७ ऑक्टोबर २०१३ ला लू रीड गेला. बातमी वाचली त्या रात्री मी उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होतो. आता तरी ऐकू या, म्हणून 'लुलू' लावला. बंगळुरूच्या त्या रांगेला दोन वर्षं होत आली होती. प्रामाणिकपणे सांगतो, निम्मा अल्बम माझ्या डोक्यावरून गेला. 'द व्ह्यू' तेव्हा पचलं नाही, आजही पचत नाही. पण शेवटी 'ज्युनिअर डॅड' नावाचं एकोणीस मिनिटांवरचं गाणं आहे. म्हातारा होत चाललेला मुलगा, बुडताना बापाचा हात मागणारा. रीडला नीट गाता येत नाही, तो बोलतो, थकलेल्या आवाजात. मेटॅलिका त्याच्या मागे इतक्या हळू वाजवते की हीच ती माणसं का, असं वाटावं. शब्द संपतात आणि मग जवळजवळ आठ मिनिटं फक्त तंतुवाद्यांचा एक दाट गुंजारव. गायक उठून गेलाय आणि तानपुरे अजून कुणी खाली ठेवलेले नाहीत, तसं. मी इस्त्री बंद केली. शर्ट अर्धाच झाला होता.

नंतर वाचलं की स्टुडिओत हे गाणं पहिल्यांदा ऐकताना कर्क हॅमेट रडत स्वयंपाकघरात पळाला होता, त्याचे वडील नुकतेच गेले होते, आणि मागोमाग हेटफील्डही डोळे पुसत तिथे आला. आणखी दोन वर्षांनी रीडची पत्नी लॉरी अँडरसन हिने एका समारंभात सांगितलं, की गायक डेव्हिड बोवी तिला म्हणाला होता, हे रीडचं सर्वांत मोठं काम आहे, लोकांना कळायला वेळ लागेल. बोवी म्हणाला म्हणून मला 'लुलू' आवडला पाहिजे असं मुळीच नाही. मला तो अजूनही निम्माच आवडतो. पण तो निम्मा माझ्याकडे दोन वर्षं उशिरा आला, आणि तो उशीर मी स्वतः केला, पॅलेस ग्राउंड्सच्या रांगेत, खिदळत.

मेटॅलिकाला आपल्या बोलण्याने काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. २००० साली इंटरनेटवर फुकट गाणी मिळवून देणाऱ्या नॅपस्टरविरुद्ध लार्स तीन लाखांवर चाहत्यांची नावं कागदावर छापून घेऊन गेला, तेव्हा जगाने त्याला जेवढं बोललं त्याच्यापुढे आपलं चहावरचं बोलणं म्हणजे काहीच नाही. त्यातूनही ते उठले. २०२३ पासून ते बऱ्याच शहरांत दोन-दोन रात्री वाजवतायत आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं परत घेत नाहीत. साठी ओलांडलेली माणसं! आपण चाळीस पायऱ्या चढून टेबलच्या फ्लॅटवर जातो तेव्हा बोलायला पाच मिनिटं लागतात.

पण ही जी तोंडाची सवय आहे ना, ती मेटॅलिकापाशी थांबत नाही. ९८ किंवा ९९ असेल. सिंहगड एक्स्प्रेसने आपण मुंबईला गेलो होतो, धोबी तलावाच्या रंगभवनला, इंडिपेंडन्स रॉक ऐकायला. उघडं नाट्यगृह, दगडी पायऱ्या, सगळीकडे काळे टी-शर्ट. एका बँडचा गाणारा पोरगा, आपल्याच वयाचा, माइकपाशी आला आणि म्हणाला की आता आमचं स्वतःचं एक गाणं. झालं. आपल्या बाजूने ओरडा सुरू. "मेटॅलिका! मेटॅलिका!" तो म्हणाला, "ऐका तरी, चार मिनिटांचंच आहे." आपण ऐकलं नाही. बाटल्या इतरांनी फेकल्या, आपण नाही, पण ओरडलो आपणही. शेवटी त्याने मान खाली घालून 'एंटर सँडमन' सुरू केलं, आणि आपण आनंदाने नाचलो. ते गाणं कसं होतं, मला कधीच कळणार नाही. आणि नंतर आपणच पंचवीस वर्षं म्हणत आलोय की आपल्याकडे स्वतःचं वाजवणारे बँड का तयार होत नाहीत.

माझे आजोबा रेडिओवर कुमार गंधर्व लागले की उठून बटण फिरवायचे. "हे गाणं नव्हे." क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालेल्या माणसाने उरलेल्या श्वासातून नवी गायकी बांधली, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी कुमारांचा एक राग पुरा ऐकला नव्हता, एवढंच. आम्ही नातवंडं त्यांना त्यावरून चिडवायचो.

आता मी तेच बटण फिरवायला लागलोय. मला ते कळलं २०२२ च्या उन्हाळ्यात. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजलं आणि माझी चौदा वर्षांची मुलगी अख्खा अल्बम घेऊन बसली. १९८६ चा! बँडमध्ये बास वाजवणारा क्लिफ बर्टन त्याच वर्षी स्वीडनमध्ये बस उलटून गेला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता, हे तिने मला सांगितलं, जणू मला ते माहीत नसावं. आणि आपल्यातला एक महाभाग घरी आला तेव्हा तिच्या टी-शर्टकडे बघून म्हणाला, "बरं, मेटॅलिकाची दुसरी तीन गाणी सांग." तिने पाच सांगितली. त्यातलं एक 'लोड'मधलं होतं. तो म्हणाला, "'लोड' धरत नाहीत." मेटॅलिकाने स्वतः तेव्हा जाहीर सांगितलं होतं की कुणी काल आलं काय नि चाळीस वर्षांपूर्वी आलं काय, सगळ्यांना जागा आहे. आपल्याकडे मात्र तोंडी परीक्षा.

'७२ सीझन्स' या २०२३ च्या अल्बमच्या वेळीही तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यातलं 'लक्स इटर्ना' आलं, साडेतीन मिनिटांचं, आणि त्या एका सोलोवरून आपण अख्खा अल्बम निकालात काढला. एप्रिलमध्ये तो आला तेव्हा किती जणांनी शेवटपर्यंत ऐकला? 'इनामोराता' शेवटी आहे. अकरा मिनिटांच्या वर, 'लुलू' सोडला तर त्यांनी स्वतः लिहिलेलं आजवरचं सर्वांत लांब गाणं. मध्ये सगळं थांबतं, फक्त ट्रुहियोचा बास उरतो, आणि मग गिटारी एकेक करून परत येतात. परवा मी विचारलं तर सहातल्या दोघांनी ऐकलं होतं. बाकीच्यांनी 'सत्त्याहत्तर मिनिटं कोण ऐकणार' म्हणून अर्ध्यात सोडलेला. सत्त्याहत्तर मिनिटं जास्तच आहेत, हे मीही म्हणतो. मधली तीन गाणी एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात. कर्कच्या सोलोंना हात फिरवायला हवा होता. पण हे मी म्हणू शकतो, कारण मी ऐकलाय. परवाच्या टेबलावर (त्या टेबलावर नाही, चहाच्या) आपण जे बोललो त्याला तेवढाही आधार नव्हता.

त्या सातशे रिफचं एक सांगायचं राहिलं. २०१४ साली कोपनहेगनच्या विमानतळावर कर्कचा फोन हरवला. त्यात अडीचशेच्या आसपास कल्पना होत्या, आणि दुसरीकडे कुठे प्रत ठेवलेली नव्हती. 'हार्डवायर्ड' आला तेव्हा गाणी लिहिणाऱ्यांत त्याचं नाव एकाही गाण्यावर नव्हतं. तो १९८३ मध्ये बँडमध्ये आला त्या वर्षीचा पहिला अल्बम सोडला, तर असं पहिल्यांदाच झालं. त्या माणसाने परत शून्यापासून रिफ साठवल्यात, सातशेवर. त्यातल्या साडेसहाशे टाकाऊ असतीलही. उरलेल्या पन्नासांतून एक अल्बम होतो.

तर माझी विनंती अशी. पुढच्या अल्बमचं पहिलं गाणं ज्या दिवशी येईल, त्या दिवशी एकमेकांना काहीही कळवायचं नाही. ना हसरं तोंड, ना रडकं. अल्बम आला की त्या शनिवारी रात्री नऊला माझ्याकडे या. स्पीकर मी दुरुस्त करून घेतलेत, डावा आता खरखरत नाही. मुलगी कांदाभजी करणार म्हणालीये, अट एकच, तिलाही बसू द्यायचं आणि परीक्षा घ्यायची नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये न बोलता, फोन दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात. ज्याला लघवीची अडचण आहे त्याने आधीच जाऊन यावं, आपलं वय आता ते आहे.

संपलं की मग काय वाटेल ते बोला. स्नेअर डब्यासारखा वाजत असेल तर डबा म्हणा. सोलो फसला असेल तर कितव्या मिनिटाला फसला ते सांगा, मी परत लावून दाखवीन. लांबी जास्त असेल तर कात्री घेऊन बसू. पहाटेपर्यंत भांडू, शेजाऱ्यांना मी सांगून ठेवतो.

हॉलमध्ये खुर्च्या चारच आहेत, बाकीच्यांनी सतरंजीवर बसायचं. चहा ठेवायला टेबल लागेल, तर त्याला कुणीतरी वारज्याहून गाडीवर घेऊन या.

तुमचाच,
खांद्यापर्यंत केस असलेला (तेव्हा)